हुकाला लावण्याआधी : उचलायच्या मालाच्या वजनाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हायड्रा क्रेनवर, म्हणजे माल हुकाला लावून चालणाऱ्या चाकांच्या क्रेनवर, लेख होता. त्यावर धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली बरीच पत्रं एकाच मुद्द्यावर आली: माल उचलायच्या आधी त्याचं वजन कळणार कसं? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (धुळे, साइट सुपरवायझर): आमच्याकडे हायड्रा तासाच्या भाड्याने येते. ऑपरेटर आला की पहिलं विचारतो, "कितलं वजन शे?" फिटर सांगतो, "दोन टन व्हई." सळईच्या बंडलाचं वजन काट्यावर न नेता पटकन कसं काढायचं?

उत्तर: सळईचं वजन काढणं सगळ्यात सोपं, आणि तरीही सगळ्यात जास्त अंदाज तिच्याच बाबतीत बांधले जातात. सळईचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि 162 ने भागा. एक मीटर सळईचं वजन किलोमध्ये मिळतं. फुटावर मोजत असाल तर 162 ऐवजी 532 ने भागा. हा 162 कुठून आला हे माहीत असलं की सूत्र विसरत नाही. पोलादाचं वजन घनमीटरला 7850 किलो असतं. एक मिलीमीटर व्यासाच्या, एक मीटर लांब गोल तारेचं वजन त्यावरून काढलं की ते किलोचा 162 वा भाग येतं.

बारा मीटरच्या एका नगाचं वजन 8 मिमीला 4.74 किलो, 10 ला 7.4, 12 ला 10.7, 16 ला 19, 20 ला 29.6, 25 ला 46.3 आणि 32 ला 75.9 किलो. हे आकडे स्टोअरच्या दारावर रंगाने लिहून ठेवा. मग काम उरतं फक्त टोकं मोजायचं. प्रत्येक टोकाला खडूची खूण करत मोजा, म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. 25 मिमीचे 45 नग म्हणजे 2083 किलो.

डोळा इथे का फसतो तेही पाहा. 12 मिमीच्या शंभर नगांचं बंडल आणि 16 मिमीच्या शंभर नगांचं बंडल शेजारी ठेवलं, तर दुसरं साधारण तिसऱ्या हिश्शाने जाड दिसतं. वजन मात्र 1070 किलोवरून 1900 किलोवर जातं, कारण वजन व्यासाच्या वर्गाने वाढतं.

सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 1786) सळईच्या वजनात थोडा फरक चालतो: 10 मिमीपर्यंत 7 टक्के, 16 पर्यंत 5 टक्के, त्यावर 3 टक्के. म्हणून हिशेब नेहमी वरच्या आकड्याकडे न्या. गाडीतून उतरलेलं बंडल सुटलेलं नसेल, तर मिलच्या पत्र्याच्या टॅगवरचं वजन घ्या. पण चार नग कोणी काढून नेले असतील किंवा दोन बंडलं एकत्र बांधली असतील, तर तो टॅग संपला.

एक कळकळीचं सांगणं. बंडल बांधलेल्या तारेत किंवा पट्टीत हुक कधीही अडकवू नका. ती तार नग एकत्र राहावेत एवढ्यासाठीच असते. दोन स्लिंगा (माल हुकाला टांगायचे दोर किंवा पट्टे) घ्या, दोन्ही टोकांपासून लांबीच्या चौथ्या हिश्शावर बांधा आणि प्रत्येकीचे दोन वेढे द्या. एकाच वेढ्यात मधले नग सैल राहतात आणि बंडल तिरपं झालं की बाणासारखे निसटतात.

प्रश्न (चाळीसगाव, ग्रामीण रस्त्यांची कामं घेणारे ठेकेदार): नाल्यावर सिमेंटचे पाईप आणि तयार बॉक्स टाकतो. पाईप रिकामा म्हणून हलका असेल असं मजूर समजतात. शिवाय काळ्या मातीत चिकटलेला पाईप उचलताना एकदा हायड्राला जोराचा हिसका बसला.

उत्तर: पाईप आतून पोकळ असला तरी वजन त्याच्या भिंतीत आहे. आतला व्यास आणि भिंतीची जाडी मोजा, दोन्हींची बेरीज करा. हा झाला मधला व्यास. त्याला 3.14 ने गुणा, मग जाडीने, मग लांबीने, सगळं मीटरमध्ये. आलेल्या घनमीटरला 2500 ने, म्हणजे एक घनमीटर काँक्रीटच्या किलोतल्या वजनाने, गुणा. आतून 900 मिमी, भिंत 100 मिमी, लांबी अडीच मीटर असा पाईप घेतला तर मधला व्यास 1 मीटर, काँक्रीट 0.785 घनमीटर आणि वजन 1960 किलो. म्हणजे दोन टनच धरा. जोडावरची कॉलर (कडं) वेगळी.

बॉक्सला बाहेरच्या चौकोनातून आतला चौकोन वजा करायचा. आत दीड बाय दीड मीटर आणि भिंत 200 मिमी असेल, तर बाहेरून 1.9 बाय 1.9. 3.61 वजा 2.25 म्हणजे 1.36. एक मीटर लांबीच्या बॉक्सचं वजन 3400 किलो. आतल्या कोपऱ्यांतल्या तिरप्या भरावाचं वजन वर धरा.

आता हिसक्याबद्दल. ओल्या काळ्या मातीत रुतलेली वस्तू उचलताना फक्त तिचं वजन उचललं जात नाही. खाली हवा शिरायला जागा नसते, म्हणून माती तिला ओढून धरते. हा जोर वस्तूच्या वजनाइतकाही होऊ शकतो, आणि माती सुटते त्या क्षणी तो एकदम नाहीसा होतो. तो हिसका बूमला (क्रेनच्या लांब हाताला) आणि स्लिंगेला बसतो. म्हणून आधी पहारीने किंवा जॅकने एक कड सोडवा, खाली पाणी किंवा हवा जाऊ द्या, कडेची माती मोकळी करा आणि मगच ताण घ्या. साच्याला चिकटलेला तयार स्लॅब काढतानाही हीच काळजी. पाईपच्या आत साठलेला गाळही विसरू नका: 900 मिमीच्या त्या पाईपमध्ये तळाला चौथा हिस्सा चिखल असेल तर तोच पाऊण टनाच्या घरात जातो.

प्रश्न (अमळनेर): एक ब्रास वाळूचं वजन नक्की किती? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: प्रत्येक जण आपल्यापुरतं खरंच सांगतो, कारण वाळू कोरडी की ओली यावर ते ठरतं. ब्रास म्हणजे 100 घनफूट. घनफुटाचं वजन पाठ असलं की पुढचं सगळं सोपं: पाणी 28 किलो, खडी 42, कोरडी वाळू 45, ओली वाळू 54 पर्यंत, विटांचं बांधकाम 54, आरसीसी 71, आपला काळा पाषाण 82, पोलाद 222. म्हणजे कोरडी ब्रास साडेचार टन, नदीतून काढलेली ओली ब्रास सव्वापाच टनांच्या वर. ताजं काँक्रीट 68 धरा. अर्ध्या घनमीटरची बकेट भरली की आतला मालच 1200 किलो, वर बकेटचं स्वतःचं वजन आणि तिच्या आत वाळून बसलेला जुना थर. तो थर रोज खरवडला नाही, तर महिन्याभरात बकेट चांगलीच जड होते.

प्रश्न (शिरपूर, प्रीकास्ट कंपाउंड वॉलचे उत्पादक): दोन टनांच्या दोन स्लिंगा लावल्या तर चार टन उचलता येतात ना? आणि चार हुकांच्या स्लॅबला चार स्लिंगा लावल्यावर वजन चौघींत वाटलं जातं असं धरायचं का?

उत्तर: दोन्ही उत्तरं 'नाही'. खानदेशात आणि सगळीकडेच जी स्लिंग तुटते, ती बहुतेक वेळा वजनाने नव्हे, कोनाने तुटते. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

तीन टनांचा माल दोन स्लिंगांवर आहे. दोन्ही सरळ उभ्या असतील तर प्रत्येकीवर दीड टन. हुक खाली आणला आणि स्लिंगा जमिनीशी 60 अंशांवर आल्या की प्रत्येकीवर 1.73 टन. 45 अंशांवर 2.12 टन. 30 अंशांवर पूर्ण तीन टन. 15 अंशांवर प्रत्येकीवर 5.8 टन! मालाचं वजन एक ग्रॅमही वाढलेलं नाही. स्लिंगा जितक्या पसरट, तितक्या त्या एकमेकींना आत ओढतात, आणि हा आतला ओढा मालालाही चेपतो. पातळ भिंतीचे पॅनल मधोमध तडकतात ते याच ओढ्याने.

कोन मोजायला उपकरण नको, टेप पुरे. स्लिंगेच्या एका पायाची लांबी मोजा, आणि मालाच्या वरच्या पातळीपासून हुकापर्यंतची सरळ उंची मोजा. लांबी भागिले उंची करा. येईल त्याने मालाच्या वजनाच्या निम्म्याला गुणा; तो एका स्लिंगेवरचा ताण. स्लिंग तीन मीटर, उंची दीड मीटर: दोन पट. आणखी सोपं हवं असेल तर अशा लांबीच्या स्लिंगा घ्या की मालावरच्या दोन हुकांमधलं अंतर स्लिंगेच्या एका पायाच्या लांबीएवढंच किंवा त्याहून कमी राहील. मग कोन 60 अंशांच्या खाली जाणार नाही. 45 च्या खाली काम करूच नका. लांब स्लिंग आणा नाहीतर वर आडवा बीम लावा.

चार स्लिंगांचं कारण वेगळं. काँक्रीटचा स्लॅब वाकत नाही आणि चार स्लिंगा अगदी सारख्या लांबीच्या कधीच नसतात. तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन स्लिंगा वजन घेतात, उरलेल्या दोन नुसता तोल धरतात. खाट डगमगते तेव्हा तीच गोष्ट होते, वजन दोन पायांवर असतं. म्हणून 3 बाय 2 मीटर, 150 मिमी जाडीच्या, म्हणजे 2250 किलोच्या स्लॅबला हिशेब दोनच स्लिंगांवर धरा: प्रत्येकीवर 1125, गुणिले लांबी भागिले उंची.

आणखी दोन गोष्टी. स्लिंग फास घालून वापरली तर तिची क्षमता साधारण 80 टक्क्यांवर येते. आणि उचलायचे हुक टीएमटी (बांधकामाच्या नेहमीच्या पिळाच्या) सळईचे करू नका. टीएमटीची बाहेरची साल कडक असते, घट्ट वळवून वर झटका दिला की वळणाच्या आतल्या बाजूने तडा जातो. साध्या गुळगुळीत माइल्ड स्टीलचा गज वापरा आणि तो स्लॅबच्या जाळीखाली अडकवा. कापडी पट्ट्याची क्षमता बहुधा रंगावरून कळते: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5. पण सगळेच उत्पादक हे पाळत नाहीत, आणि आपल्याकडच्या उन्हात रंग उडतो. शिवलेल्या लेबलावरचा आकडा खरा. लेबल फाटलं असेल तर तो पट्टा उचलीच्या कामाचा राहिला नाही.

प्रश्न (जळगाव, शेडची फॅब्रिकेशनची कामं): हायड्रा 14 टनांची, राफ्टर (शेडच्या छताची तिरपी लोखंडी तुळई) अडीच टनांचा. तरी वर चढवताना मागची चाकं उचलली गेली. मशीनमध्ये दोष समजायचा का?

उत्तर: दोष मशीनचा नाही, 14 हा आकडा वाचण्यातला आहे. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर जातं, हे कोणाला सांगावं लागत नाही. हायड्राचं तेच, फक्त तिची पुढची चाकं इथे आसाच्या जागी असतात.

14 टन ही क्षमता बूम पूर्ण आखडलेली आणि हुक अगदी जवळ असतानाची असते. समजा क्रेनच्या क्षमतेच्या तक्त्यात 14 टन दीड मीटरवर दिले आहेत. 14 गुणिले 1.5 म्हणजे 21. हुक आठ मीटरवर गेला तर 21 भागिले 8, जेमतेम 2.6 टन. आणि हेसुद्धा बूमला वजन नाही असं धरून. प्रत्यक्षात बूम लांबवल्यावर तिचं स्वतःचं वजनही पुढे सरकतं, म्हणून तक्त्यातला आकडा याहून बराच कमी असतो. त्यातून हुक ब्लॉक, शॅकल, स्लिंगा आणि आडवा बीम यांचं वजन वजा करायचं. उरतं ते तुमचं. तुमचा राफ्टर त्यात बसतच नव्हता.

तक्ता ऑपरेटरच्या केबिनमध्ये असायला हवा. त्यात अंतर कुठून मोजलं आहे ते आधी वाचा: पुढच्या चाकांच्या मध्यापासून की बंपरपासून. तेवढ्याने मीटरभर फरक पडतो. तक्त्यातल्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या वर उचल आखू नका. उरलेला पाव हिस्सा झटका, वारा, चाकांतली कमी हवा आणि मोजण्यातली चूक यांच्यासाठी ठेवा. माल घेऊन चालायचं असेल तर बूम आखडलेली, माल जमिनीपासून हातभर वर, आणि वळण हळू. मधून वळणाऱ्या हायड्रा वळताना बाजूला उलटतात, कारण वळल्यावर माल चाकांच्या रेषेबाहेर जातो.

राफ्टरचं वजनही नीट काढा. प्लेटचा हिशेब असा: एक चौरस मीटर, एक मिमी जाडीला 7.85 किलो. किंवा छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये काढून 0.00785 ने गुणा, मीटरचं वजन येतं. 600 बाय 8 चा वेब (मधली उभी प्लेट) आणि 200 बाय 12 चे दोन फ्लँज (वरची-खालची आडवी प्लेट) म्हणजे 9600 चौरस मिमी, मीटरला 75.4 किलो. बारा मीटरला 905. क्लीट, स्टिफनर, एंड प्लेट आणि वेल्डिंगसाठी दहा टक्के वर, म्हणजे एक टन.

प्रश्न (भुसावळ): बंद पडलेल्या जिनिंगमधली जुनी यंत्रं आणि एक ट्रान्सफॉर्मर हलवायचा आहे. यंत्रांचे कागद नाहीत. वजन कसं ठरवायचं?

उत्तर: ट्रान्सफॉर्मरचं सोपं आहे. त्याच्या नेमप्लेटवर एकूण वजन आणि तेलाचं वजन वेगवेगळं दिलेलं असतं. तेल काढलं आहे की नाही ते झाकण उघडून खात्री करा, ऐकून नाही. उचल फक्त टाकीच्या कानांतून. रेडिएटर किंवा बुशिंगला स्लिंग टेकायलाही नको.

जुनी यंत्रं बहुतेक बिडाची असतात. बिडाचं वजन घनमीटरला 7200 किलो. यंत्राचे तुकडे कल्पून प्रत्येकाचं वेगळं काढा. उदाहरणार्थ, दीड मीटर व्यासाचं फ्लायव्हील, कडा 200 मिमी रुंद आणि 150 मिमी जाड: मधला व्यास 1.35, घेर 4.24 मीटर, बीड 0.127 घनमीटर, म्हणजे कडाच 915 किलो. आरे आणि तुंब्यासाठी चौथा हिस्सा वर, साधारण 1150.

अंदाजापेक्षा काटा कधीही चांगला, आणि कापसाच्या मुलखात धर्मकाट्यांची वाण नाही. पण काट्यावर नेण्यासाठी यंत्र आधी गाडीवर चढवावं लागतं. म्हणून पहिली उचल अशी करा. एक टोक लाकडी ओंडक्यावर टेकवा. दुसरं टोक चेन पुलीने, मध्ये हुकाचा वजनकाटा लावून, फक्त दोन-तीन सेंटीमीटर उचला आणि आकडा लिहा. मग उलट करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे यंत्राचं वजन. यातून आणखी एक मौल्यवान गोष्ट हाती लागते. टोकं तीन मीटरवर आहेत, एका टोकाला 1.8 टन आले, दुसऱ्याला 1.2. एकूण तीन टन. गुरुत्वमध्य जड टोकापासून 1.2 भागिले 3, गुणिले 3 मीटर, म्हणजे 1.2 मीटरवर. हुक बरोबर त्याच्या वर आला पाहिजे. मधोमध दीड मीटरवर लावलात तर जड टोक खाली झुकेल आणि स्लिंग घसरेल.

आतलं तेल, गिअर बॉक्समधलं वंगण, पायाला चिकटलेलं जुनं ग्राउट, सगळं उतरवा. फाउंडेशनचा एखादा बोल्ट न सुटलेला राहिला तर क्रेन सगळा पाया उचलायला जाते. प्रत्येक नट हाताने तपासा.

प्रश्न (साक्री): एप्रिल-मे मध्ये पत्रे आणि शटरिंगचे पॅनल चढवताना वारा किती धरायचा?

उत्तर: ताशी 36 किलोमीटर वारा चौरस मीटरला साधारण 6 किलो दाबतो. 10 चौरस मीटरच्या पॅनलवर तो 60 किलोंहून जास्त आडवा जोर झाला, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट. तुमच्या भागात पवनचक्क्या उगाच नाहीत. अशी कामं सकाळी दहाच्या आत उरका. दोन्ही टोकांना दोर बांधून दोन माणसं खाली ठेवा, पण दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळू देऊ नका. वावटळ दिसली की माल लगेच खाली घ्या.

प्रश्न (नंदुरबार, घरांची बांधकामं): छतावर मिनी लिफ्ट लावतो. मागे किती वजन ठेवायचं?

उत्तर: तीन मापं घ्या: माल, हुक कडेच्या टेकूपासून किती बाहेर, आणि मागचं वजन त्या टेकूपासून किती आत. माल 300 किलो (टोपलं आणि दोर धरून), हुक एक मीटर बाहेर, मागचं वजन दोन मीटर आत असेल, तर तोल सांभाळायला 300 गुणिले 1 भागिले 2, म्हणजे 150 किलो लागतात. हे नुसतं काठावरचं. टोपलं गॅलरीला अडकतं, मोटर एकदम ओढते, म्हणून तिप्पट ठेवा: 450 किलो.

हे वजन काँक्रीटच्या ठोकळ्यांचं करा आणि फ्रेमला बोल्टने जोडा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ठोकळा साध्या काँक्रीटचा 68 किलोचा होतो, म्हणजे सात ठोकळे. त्यांवर रंगाने 1 ते 7 आकडे टाका, रोज सकाळी मोजले जातात. वाळूची पोती फाटून रिकामी होतात. सिमेंटच्या गोण्या तर ठेवूच नका: दुपारी माल कमी पडला की त्यातलीच एक कोणीतरी उचलून नेतो, आणि लिफ्ट चालवणाऱ्याला ते कळत नाही. मागचे पाय स्लॅबच्या बीमवर येतील असं बघा, आणि पहिली फेरी रोज अर्ध्या वजनाची घ्या, जमिनीपासून वीतभर उचलून मिनिटभर थांबवून. त्या मिनिटात मागचा पाय केसभर जरी हलला, तरी माल उतरवून ठोकळे पुन्हा मोजा.